हनमंते मॅडमचा नंबर

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. तिच्या शेवटच्या आठवड्यात ती मला सारखी विचारायची, काही बोलायचं राहिलंय का हो तुमचं — आणि मी तिला चमच्याने मोसंबीचा रस पाजत म्हणायचो, आता काय राहणार. राहिलं होतं. हेच राहिलं होतं.

आज लिहून काढतोय. कुणी पकडलं म्हणून नाही. चौकशी सात वर्षांपूर्वीच संपली, कागद फायलीत बांधून कपाटात गेले, आणि त्या कागदांत मी चांगला माणूस आहे. तेच तर खुपतंय.

मी पाठक. वय एकोणसत्तर. नांदेडात राहतो. इथून बसने तासाभरावर एक कॉलेज आहे — त्याचं नाव लिहीत नाही, कारण दोष कॉलेजचा नाही — तिथे मी चौतीस वर्षं ऑफिसात काढली. कारकून म्हणून लागलो आणि ओएस म्हणून निवृत्त झालो. ओएस म्हणजे ऑफिसचा मुख्य. परीक्षेचे अर्ज, हजेरीपट, शिष्यवृत्तीच्या याद्या, सगळं माझ्या हातून जायचं, आणि ‘पाठककाका चुकत नाहीत’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते मला माझ्या आडनावासारखंच वाटायला लागलं होतं. निवृत्त झाल्यावरही प्राचार्यांनी मला मानधनावर ठेवून घेतलं. म्हणाले, काका, तुमच्याशिवाय ते पोर्टल कोण उघडणार?

ते पोर्टल विद्यापीठाचं. प्रत्येक प्राध्यापकाचं त्यात एक खातं, आणि मुलांचे अंतर्गत परीक्षेचे मार्क त्या त्या प्राध्यापकाने आपल्या खात्यातून भरायचे. एके दिवशी परिपत्रक आलं, की यापुढे नुसत्या पासवर्डवर खातं उघडणार नाही. पासवर्ड टाकल्यावर प्राध्यापकाच्या स्वतःच्या मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येईल आणि तो टाकल्यावरच उघडेल. त्यांचा हेतू सरळ होता. दोन कुलुपं, दोन्ही चाव्या मालकाकडे.

आमच्याकडे त्याचं काय झालं, ऐका. तेवीस प्राध्यापक. एकाचा मोबाइल नातवाच्या हातात असायचा, एकाला पूल ओलांडला की रेंज नाही, एकजण दर सहा महिन्यांनी नंबर बदलायचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मला भंडावून सोडलं. तेव्हा मी ऑफिसातल्या जुन्या माणसाला सुचेल ते केलं. एक साधा बटणांचा मोबाइल घेतला, सिम माझ्या नावावर काढलं आणि सगळ्यांच्या खात्यात तोच एक नंबर टाकून दिला. पोर्टलने निमूट घेतला. फोन माझ्या टेबलाच्या खणात. मग रोजचं ठरलेलं — स्टाफरूममधून कुणीतरी ओरडायचं, “काका, कोड आला का?” आणि आमचे शिपाई गफूरभाई खण उघडून व्हरांड्यातूनच आकडे पुकारायचे: पाँच, सात, सिफर, सिफर, नौ, दो. इतिहासाचे देशपांडे सर एकदा म्हणाले, “गफूरभाई, कोड सांगून राहिले का मिरचीचा लिलाव करून राहिले?” सगळे हसले. मीही. दोन कुलुपं आणि बावीस जणांच्या चाव्या माझ्या खणात — आणि यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

बावीस म्हणालो. तेविसाव्या हनमंते मॅडम.

त्या भूगोल शिकवायच्या. हिमायतनगर तालुक्यातल्या एका गावच्या, बौद्ध घरातल्या. घरात कॉलेजपर्यंत पोचलेल्या पहिल्याच. प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेल्या, पण नेमणूक तासिकेवरची — म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढंच मानधन, आणि दर जूनला नवा आदेश निघाला तर नोकरी आहे, नाही निघाला तर नाही. त्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, “काका, माझा कोड माझ्याच मोबाइलवर येऊ द्या.”

कुणीतरी चिमटा काढलाच — मॅडमचा आपल्या ऑफिसवर भरवसा दिसत न्हाई. त्या शांतपणे म्हणाल्या, भरवशाचा सवाल न्हाई सर, परिपत्रकात तसंच लिहिलंय.

बरोबर होतं त्यांचं. ते परिपत्रक मीच सूचनाफलकावर लावलं होतं. मग मला का लागलं? कालची, तासिकेवरची मुलगी मला परिपत्रक दाखवते, म्हणून लागलं — असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण हेच देशपांडे सर म्हणाले असते तर? तर मी म्हणालो असतो, बरोबर आहे सर, आणि लगेच उठलो असतो. मला नुसत्या वयाचं लागलं नव्हतं. एवढं आज लिहितो. त्यापुढचं तुम्हाला कळतं.

मॅडम माझ्यासमोर खुर्चीवर बसल्या आणि नंबर सांगितला. मी तो रजिस्टरमध्ये लिहिला. तेवढ्यात तासाची घंटा झाली. मी म्हणालो, जा तुम्ही, मी टाकतो. नवा नंबर टाकला की खात्री करायला त्या नंबरवर एक कोड येतो, तो परत पोर्टलला सांगावा लागतो. म्हणजे गफूरभाईंना वर्गापर्यंत पाठवायला हवं होतं. तीस पावलं. मी नाही पाठवलं. खिडकीजवळच्या संगणकावर बसून खणातल्या फोनचा नंबर टाकला आणि ‘या संगणकावर पुन्हा कोड विचारू नये’ या चौकटीत खूण करून मोकळा झालो. नंतर बदलू म्हटलं.

तास संपल्यावर त्यांनी दारातून विचारलं, झालं का काका? झालं म्हणालो. माझाच टाकला ना? — तुमचाच.

ही पहिली लबाडी. आणि मला ती खोटं बोलल्यासारखी वाटलीसुद्धा नाही.

त्या नेहमी खिडकीजवळच्या त्याच संगणकावर काम करायच्या, त्यामुळे त्यांना कधी कोड विचारलाच गेला नाही. आपला नंबर सुरक्षित आहे असं समजून त्यांनी एकदा मला आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला. अडीअडचणीला असू द्या म्हणाल्या. एक चावी स्वतःकडे आहे म्हटल्यावर दुसरी माझ्याकडे ठेवायला त्यांना भीती वाटली नाही. आता वाटतं, त्या ऑफिसात माझ्यावर खरा भरवसा ठेवणारं तेवढं एकच माणूस होतं. बाकीच्यांनी तर नुसता आळस केला होता.

उन्हाळ्याच्या तोंडाशी प्रात्यक्षिक परीक्षा झाल्या. मार्क भरायची लिंक शनिवारी पाच वाजता बंद होणार होती. शुक्रवारी मॅडमची आई घरात पडली आणि त्या गुणपत्रिका सही करून माझ्याकडे देऊन गावी गेल्या. शनिवारी दुपारपर्यंत येते म्हणाल्या. शनिवारी तीन वाजले, चार वाजले. फोन लागेना. प्राचार्य दोनदा येऊन विचारून गेले, भूगोल राहिलाय का हो अजून?

तर मीच बसलो भरायला. माझ्या टेबलावरच्या संगणकावर. पासवर्ड टाकला. खणात फोन थरथरला, कोड टाकला, खातं उघडलं. इथपर्यंत मी त्यांच्यावर उपकारच करत होतो — मला तसं वाटतही होतं.

एक्केचाळीस नावं. सतराव्या नावासमोर मार्क नव्हते. त्या मुलीचं हिवाळ्यातच लग्न होऊन ती नायगावला नांदायला गेली होती. मॅडमनी तिच्यासमोर लाल शाईने ‘अनुपस्थित’ लिहून रेघ मारलेली. मी मार्कांच्या रकान्याखाली फूटपट्टी धरून भराभर टाकत होतो. सतराव्या ओळीला अठराव्याचे मार्क गेले, अठराव्या ओळीला एकोणिसाव्याचे, आणि असेच शेवटपर्यंत. शेवटी पडद्यावर एक चौकट रिकामी उरली. मी म्हटलं, हीच ती अनुपस्थित. तिथे तसं नोंदवलं. चाळीस मार्क, एक अनुपस्थित. जुळलं. चार वाजून पन्नास मिनिटांनी मी चष्मा काढला आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

सोमवारी मॅडम धावतपळत आल्या. लिंक बंद झाली का काका? मी म्हणालो, मी भरले तुमचे. त्या खुर्चीत बसल्याच एकदम. “काका, तुम्ही होते म्हणून.” एवढंच म्हणाल्या. कोड कसा मिळाला, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. ऑफिसला काही वेगळी सोय असेल, असं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी गावाकडची घरची हळद आणून दिली, किलोभर. आमच्याकडे ती वर्षभर पुरली. ती हळद संपण्याच्या आत त्यांची नोकरी संपली होती.

निकाल लागला. चोवीस जणांचे मार्क एकमेकांत सरकलेले. यादीतली शेवटची मुलगी — चांगली हुशार, एकही तास न बुडवणारी — प्रात्यक्षिकात अनुपस्थित, म्हणजे नापास. आणि नायगावला चूल फुंकत बसलेल्या मुलीला चाळीसपैकी अडतीस. त्या मुलीचं आडनाव हनमंते. गावही मॅडमचंच.

आता सांगा, लोक काय बोलले असतील? स्टाफरूममध्ये आवाज खाली आणून बोलले. ‘त्यांच्यातलीच हाय म्हणे.’ मी ते माझ्या कानांनी ऐकलं. त्याच संध्याकाळी मी गुणपत्रिका काढून पडद्याशी ताडून पाहिली होती, सतराव्या ओळीवर बोट ठेवून बघितलं होतं. मला सगळं ठाऊक होतं. मी फक्त म्हणायचं होतं — अरे बाबांनो, फूटपट्टी सरकली माझी.

काय झालं असतं? माझी पेन्शन सुरू झालेली. मानधन गेलं असतं तरी घर चालत होतं. प्राचार्य हसले असते. म्हणाले असते, काका, वय झालं आता तुमचं. बस्स. एवढंच. हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी जे केलं ते आता सांगतो. आतापर्यंत मी मार्कांच्या चुकीभोवती घुटमळतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल — ती कबूल करणं सोपं आहे. चुका कुणाच्याही होतात. खरं ते पुढे आहे.

प्राचार्यांनी तिघांची समिती नेमली. गुरुवारी बैठक. बुधवारी दुपारी सगळे डबे खायला गेले तेव्हा मी ऑफिसात एकटा थांबलो. मॅडमचं खातं उघडलं. खणातल्या फोनवर कोड आला, तो टाकला. नंबर बदलण्याच्या पानावर गेलो आणि रजिस्टरमध्ये पाहून त्यांचा नंबर टाकला — जो दोन वर्षांपूर्वी टाकायला हवा होता. पोर्टलने सांगितलं, या नंबरवर कोड पाठवला आहे.

मी गफूरभाईंना हाक मारली. मॅडम वर्गात होत्या. मी चिठ्ठी लिहिली — ‘मॅडम, आपल्या मोबाइलवर आत्ता कोड आला आहे, तो लिहून पाठवावा. पाठक.’ गफूरभाई ती तीस पावलं गेले आणि आले. चिठ्ठीच्या मागे त्यांच्या स्वच्छ अक्षरात सहा आकडे होते. कशासाठी हवा, हे त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी तो कोड टाकला. आता कुणीही पोर्टल उघडून पाहिलं, तर मॅडमच्या खात्याला मॅडमचाच नंबर दिसणार होता. आणि तो मी त्यांच्याच हातून जोडून घेतला होता.

मी नंतर डबा खाल्ला. मेथीची भाजी होती.

गुरुवारी बैठकीत मॅडम आधी माझं नाव घेतच नव्हत्या. गुणपत्रिका बरोबर आहे, ऑफिसात भरताना ओळ चुकली असेल, एवढंच म्हणत राहिल्या. मला सांभाळून घेत होत्या. विद्यापीठाने पाठवलेल्या कागदावर लिहिलं होतं, शनिवारी अमुक वाजता नोंदणीकृत मोबाइलवरच्या कोडची पडताळणी होऊन खातं उघडलं. समितीतले देशपांडे सर म्हणाले, “मॅडम, आमचे कोड काकांच्या खणात येतात, ते सगळ्यांना माहीत हाय. पण तुम्ही तर तुमचाच नंबर टाकायला लावला होता. सगळ्यांसमोर.” मग माझ्याकडे वळून विचारलं, “त्यांचाच हाय ना नंबर, काका?”

“हो. त्यांचाच.”

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. रागाने नाही. मला काही ऐकू आलं नसेल, मी प्रश्नच समजलो नसेन, असं काहीतरी. “काका, मार्क तुम्हीच भरले ना? तुम्हीच म्हणाले होते मला.”

मी म्हणालो, “मॅडम, कोड तुमच्या मोबाइलवर येतो. तुमच्या खात्यात मी कसा जाणार?”

हे वाक्य मी बोललो. हेच शब्द. गेली सात वर्षं मी ते बदलून बघतोय, थोडं मऊ करून बघतोय. होत नाही.

त्यांनी पर्समधून मोबाइल काढला. कालचा तो कोड बघत राहिल्या, आणि माझ्या समोरच त्यांना सगळं कळलं. मी ते कळताना पाहिलं. त्यांनी मोबाइल प्राचार्यांपुढे धरला आणि म्हणाल्या, “सर, हा कोड काकांनी काल माझ्याकडून मागवला.” प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, नव्या सत्राचं काम चालू आहे, सगळ्यांचेच कोड लागतात. तिथे बसलेल्यांपैकी एकालाही, मग माझा का नाही मागवला, असं विचारावंसं वाटलं नाही. मॅडमनी मोबाइल परत पर्समध्ये ठेवला.

अहवाल मीच टाइप केला. ऑफिसचं कामच ते. त्यात वाक्य होतं: ‘संबंधित प्राध्यापिकेने स्वतःची चूक मान्य न करता कार्यालयावर खोटा आरोप केला.’ मार्कांचा निष्काळजीपणा एक वेळ सुटला असता. मुलांचे निकाल तर दीड महिन्यात दुरुस्त झाले, तेही मॅडमच्या त्या नीट लिहिलेल्या गुणपत्रिकेमुळेच. पण कागदावर त्या खोटं बोलणाऱ्या ठरल्या. आणि खरं बोलणारा मी. समितीची एक सूचना अशीही होती, की यापुढे प्रत्येकाने आपापलाच नंबर टाकावा. मी महिनाभरात सगळ्यांचे बदलून दिले, आणि त्याबद्दल माझं कौतुक झालं. सगळ्यांचे बदलून झाल्यावर खणातला फोन मी बंद केला. गफूरभाई दर बुधवारी सकाळी त्यातले जुने मेसेज पुसून टाकायचे. मॅडमचा नंबर बदलला त्या दुपारनंतर पुसायला तो कुणाच्या हाती गेलाच नाही.

जूनला मॅडमचा आदेश निघाला नाही.

गफूरभाई एकदाच बोलले. चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, “काका, वो चिठ्ठी मैंच लाया था ना?” मी म्हणालो, कुठली चिठ्ठी? त्यांनी बशीतला चहा संपवला. “हाव. कौनसी चिठ्ठी,” म्हणाले आणि उठून गेले. त्यांची नोकरी दोन वर्षं उरली होती. म्हणजे माझं खोटं मी आणखी एका माणसाला गिळायला लावलं. याचा हिशोब कुठे मांडायचा?

आणि अजून एक. वर्षभराने दुसऱ्या एका कॉलेजचं पत्र आलं. हनमंते मॅडमची तिथे कायम जागेसाठी निवड होत होती, त्यांच्याविषयी गोपनीय अभिप्राय हवा होता. प्राचार्यांनी पत्र माझ्याकडे दिलं. काका, फाइल बघून उत्तर तयार करा. मला चार दिवस मिळाले होते. चार दिवस! कुणी समोर नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, वेळ भरपूर होता — तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही? मी टाइप केलं: ‘चौकशी अहवालाची प्रत सोबत जोडली आहे.’ जोडली. टाचणी लावली. ती जागा त्यांना मिळाली नाही.

त्यानंतर मी काम सोडलं. निरोप समारंभात शाल मिळाली. एका सरांनी भाषणात सांगितलं, पाठककाका कधी चुकले नाहीत.

गेल्या जूनमध्ये माझ्या नातीला लातूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. ती माझ्या शेजारी बसून विद्यापीठाचं खातं उघडत होती. पासवर्ड झाला, मग मोबाइल नंबर विचारला. तिचा फोन सारखा बंद पडतो, म्हणून मी सहज म्हणालो, माझा टाक की, माझा फोन घरीच असतो, कोड आला की तुला सांगत जाईन.

ती हसून म्हणाली, “आजोबा, मग ते खातं माझं कसं?”

आणि आपला नंबर टाकून मोकळी झाली. मी उठून मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

तिला वसतिगृहावर सोडायला लातूरला गेलो. मॅडम तिथे असतात हे गफूरभाईंकडून कळलं होतं. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भूगोल शिकवतात. पत्ता शोधत गेलो. जिन्याशी बोर्ड होता, त्यावर नाव आणि खाली मोबाइल नंबर. तोच. मी वाचायच्या आधीच मला तो पाठ होता.

गुडघे धरत वर गेलो. मॅडमनी मला पाहिलं. केस थोडे पिकलेत त्यांचे. “काका? या, बसा.” पाणी मागवलं. गुडघ्याचं दुखणं कसं हाय, विचारलं. माझे गुडघे दुखतात हे त्यांना आठवत होतं! शेजारच्या मुलींना म्हणाल्या, हे आमच्या कॉलेजचे पाठककाका, सगळं ऑफिस यांच्या जिवावर चालायचं. मी त्या आवाजात टोमणा शोधत होतो. सापडला असता तर मला आधार मिळाला असता. नव्हता. पुढची तुकडी दारात उभी होती. त्या म्हणाल्या, “काही काम होतं का काका?”

“न्हाई. असंच आलो होतो.”

पाणी पिऊन खाली आलो. नांदेडची गाडी पकडली. सात वर्षांनी समोर बसूनही माझ्या तोंडून निघालं ते हेच — असंच आलो होतो.

घरी येऊन तो बटणांचा फोन शोधला. काम सोडताना मी तो घरी आणला होता. सिम माझ्याच नावावर होतं ना. चार्जिंगला लावला. उघडला. त्यात मॅडमच्या खात्याचे दोनच मेसेज आहेत, तारीखवेळेसह. दोन्ही त्या बुधवारच्या दुपारचे. एक कोड मॅडमचं खातं उघडायचा. दुसरा मेसेज सांगतो, की या खात्यावरून आपला नंबर काढण्यात आला आहे. सगळं सरळ लिहिलंय त्यात. आणि ती चिठ्ठीही आहे — पुढे माझी सही, मागे त्यांचे सहा आकडे. मी ती तेव्हा रजिस्टरमध्ये ठेवली होती, काम सोडताना फोनबरोबर तीही घरी आणली. फाडली का नाही, मला सांगता येत नाही. चांगुलपणाने नाही, एवढं नक्की. ऑफिसच्या माणसाला कागद फाडायची सवय नसते.

जे इथे लिहिलं आहे तेच थोडक्यात अर्जाच्या कागदावर लिहिलं, प्रत्येक पानावर सही केली. एक प्रत कॉलेजला, एक विद्यापीठाला, एक मॅडमनी जिथे ती जागा गमावली त्या कॉलेजला. चौथी प्रत, फोन आणि चिठ्ठी एका खोक्यात घालून मॅडमना. त्याचं काय करायचं ते त्यांचं त्या बघतील. तो पुरावा त्यांचा आहे. माझ्याकडे इतकी वर्षं होता, एवढंच. सोबतच्या पत्रात माफीचा शब्द घातलेला नाही. तो घालून पाहिला होता. वाचल्यावर लक्षात आलं, की पुन्हा मी त्यांच्याकडून काहीतरी मागवतोय. काढून टाकला.

काल सकाळी पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीने खोकं वजनाला ठेवलं, पत्ता वाचला आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर विचारला. मी न बघता सांगितला. तिने टाइप केला, एकेक आकडा परत वाचून दाखवला, आणि मान वर करून विचारलं, “त्यांचाच हाय ना बाबा, नंबर?”

हो म्हणालो. त्यांचाच.